‘बाई, ह्यो चालंना!’ : पहिली-दुसरीच्या वर्गात टॅब रोज ‘बंद पडतो’ तेव्हा

माण तालुक्यातली आमची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, बावीस पोरं आणि लोकवर्गणीतून आलेले दहा टॅब. टॅब वाटून मी फळ्याकडे वळायच्या आत पहिली हाक येते, “बाई, ह्यो चालंना!” तिकडे जावं तर मागून दुसरी, “बाई, माझा अडाकलाय.” पस्तीस मिनिटांच्या तासातली वीस मिनिटं मी नुसती टॅब बंद-चालू करत फिरायची. त्या तासात पोरं शिकली काय, तर बाईंना हाक मारायला.

बरेच दिवस मी दोष टॅबलाच दिला. स्वस्तातले आहेत, रॅम कमी आहे, धूळ बसते, वगैरे. दोन टॅब पिशवीत घालून तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानातही नेले. दुकानदाराने माझ्यासमोर अर्धा तास चालवून बघितले. कुठे अडकेनात. “मॅडम, ह्याला काहीच झालेलं नाही,” असं म्हणून त्याने पैसेही घेतले नाहीत. सोमवारी शाळेत आणले, तर दहाव्या मिनिटाला तेच.

मग एक गोष्ट लक्षात यायला लागली. मी टॅब हातात घेतला की तो बरा, पोराच्या हातात दिला की पुन्हा आजारी. रिस्टार्टने तो बरा होतो असं मला वाटायचं, पण रिस्टार्ट करायला मी तो आधी पोराच्या हातातून काढून घेत होते. औषध ते होतं.

डाव्या हाताचा अंगठा

सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हे, म्हणून आधी हेच सविस्तर सांगते.

सहा वर्षांचं पोर टॅब कसा धरतं ते एकदा लांबून बघा. मांडी घालून बसलेलं, टॅब डाव्या हातात. आठ इंची टॅब त्याच्या पंजाला जड होतो, मग तो निसटू नये म्हणून अंगठा काचेवर टेकतो. नुसत्या कडेवर नाही, चांगला पेरभर आत. नव्या टॅबांना काचेभोवतीची काळी चौकट अगदी बारीक असते, तेव्हा टेकायला दुसरी जागाही नसते. उजव्या हाताचं बोट बिचारं चित्रावर टकटक करतंय आणि टॅब ढिम्म.

टॅब ढिम्म असतो कारण त्याच्या हिशोबी एक बोट आधीच काचेवर आहे. या काचेखाली बारीक विद्युतक्षेत्राची जाळी असते. माणसाचं शरीर वीजवाहक, त्यामुळे बोट जवळ आलं की त्या ठिकाणचा विद्युतभार बदलतो आणि टॅबला ‘स्पर्श’ कळतो. अंगठा आणि तर्जनी हा फरक त्याला कळत नाही. लहान मुलांसाठीची बरीच ॲप पहिला स्पर्श तेवढा धरतात आणि तो उचलेपर्यंत दुसऱ्याकडे बघत नाहीत. काही ॲप दोन स्पर्श म्हणजे चिमटा समजून चित्र मोठं-बारीक करत बसतात. दोन्हीत पोराला एवढंच कळतं की टॅब आपलं ऐकत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अँड्रॉइडमध्ये सोय आहे. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट टॅबलेट’ उघडून ‘बिल्ड नंबर’वर लागोपाठ सात वेळा टिचकी मारायची. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ नावाचं नवं पान उघडतं (काही टॅबांत ते ‘सिस्टिम’च्या आत जाऊन बसतं). त्यात ‘शो टॅप्स’ चालू करायचं. बाकी कशाला हात लावू नका, ते पान आपल्यासाठी नाही. आता काचेवर जिथे जिथे स्पर्श होईल तिथे पांढरा ठिपका दिसतो. हे चालू करून मी टॅब पोराला दिला आणि मागे उभी राहिले. उजव्या बोटाखाली एक ठिपका आणि डाव्या कडेला दुसरा, न हलणारा. चार महिन्यांचं दुखणं एका ठिपक्यात दिसलं.

उपाय करताना मी आधी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. काचेच्या डाव्या कडेला जाड चिकटपट्टी लावली. काही फरक पडला नाही, कारण चिकटपट्टी काय नि स्क्रीनगार्ड काय, पातळ थरातून स्पर्श जातोच. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे जाड रबरी कव्हर, ज्याची कड काचेपेक्षा वर उचललेली असते, म्हणजे अंगठा कडेवर राहतो. दुसरी गोष्ट बिनपैशाची, टॅब हातात द्यायचाच नाही. पुठ्ठ्याची तिरकी घडवंची करून ती सतरंजीवर ठेवायची आणि टॅब तिच्यावर. शालेय पोषण आहाराचं सामान ज्या खोक्यांतून येतं त्याच पुठ्ठ्याच्या आम्ही घडवंच्या केल्या. चौथीच्या पोरांनी एका दुपारी दहा केल्या, दोन वाकड्या झाल्या, पण चालतात.

आता हाक आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “डावा हात कुठाय?” निम्म्या हाका तिथेच मिटतात.

तळवा, दाब आणि ओला हात

अंगठ्याचंच भावंड म्हणजे तळवा. अक्षर गिरवताना पाटीवर हात टेकायची सवय आपणच लावलेली असते. तोच हात काचेवर टेकला की रेघ मध्येच तुटते, नाहीतर तळव्याखाली भलतीच रेघ उमटते. ‘मनगट उचल’ म्हणून सांगून सहा वर्षांच्या पोराचं मनगट दोन मिनिटांच्या वर हवेत राहत नाही आणि राहावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. घडवंचीच्या खालच्या कडेला एक पाटी आडवी ठेवली की मनगट पाटीवर टेकतं आणि बोट काचेवर पोचतं.

दुसरं म्हणजे दाबून धरणं. पोरांना वाटतं, जोरात दाबलं की जास्त लागू पडतं. अँड्रॉइड मात्र दाबून धरणं हा वेगळा हुकूम मानतो. मग ॲपची चिन्हं जागा सोडून हलतात, नको ती खिडकी उघडते, एखादं ॲप पुसलंही जातं. सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘टच अँड होल्ड डिले’ आहे, तो ‘लाँग’ करून ठेवा. शिवाय पोरांना सांगताना ‘हळू दाब’ म्हणू नका, त्यातून त्यांना काही कळत नाही. मी म्हणते, चिमणी दाणा कसा टिपते? टिपला की चोच वर. पहिलीतल्या एका मुलीने तर दोन दिवस प्रत्येक टिचकीबरोबर तोंडाने ‘चिव’ म्हणायचा नेम केला होता.

दुपारच्या खिचडीनंतर टॅबचा तास ठेवू नका. हात धुऊन पोरं ते चड्डीला पुसतात, तेही अर्धवट. ओलं बोट लागलं की काच वेड्यासारखं करते, कारण पाणीही वीजवाहक आहे आणि थेंब जिथे पसरेल तिथे टॅबला बोटं दिसतात. आमचा टॅबचा तास आता परिपाठानंतर लगेच असतो. कोरडं सुती फडकं प्रत्येक जोडीपाशी. खडूची धूळ पुसायला तेवढंच पुरतं, काच पाण्याने पुसायच्या फंदात पडू नका.

चार्जिंगला लावल्यावरच वेडा होणारा टॅब

हा प्रकार वेगळा आहे आणि ओळखायला सोपा. कुणी हात न लावता काचेवर आपोआप काहीतरी उघडतं, टिचकी एकीकडे मारावी तर दुसरीकडे लागते. तेव्हा चार्जरची वायर काढा. काढल्याबरोबर टॅब शहाण्यासारखा वागायला लागला, तर दोष चार्जरचा नाहीतर शाळेतल्या वीजजोडणीचा. हलक्या चार्जरमधून येणारी विजेची खरखर टॅबच्या स्पर्श ओळखणाऱ्या जाळीत मिसळते आणि टॅबला नसलेली बोटं दिसायला लागतात. आमच्या शाळेच्या बोर्डाला अर्थिंग नावालाच होतं. वायरमनकडून ते करून घेतलं, तसा त्रास कमी झाला. पण खरा नियम साधा आहे : वायर लावलेला टॅब पोराच्या हातात द्यायचा नाही. हा नियम स्पर्शासाठी आहेच, पण त्याआधी पोराच्या जिवासाठी आहे.

चार्जिंगच पुरत नाही ही तक्रार बहुतेक शाळांत ऐकू येते. गणित मांडून बघा. बॅटरी ५००० मिलीअँपिअर-अवरची आणि चार्जर एक अँपिअरचा, तर कागदावर पाच तास. वाया जाणारी वीज धरली की सहाच्या आसपास. त्यात मध्येच भारनियमन. दहा टॅब एका एक्स्टेन्शन बोर्डला लावून दुपारी चारला बघावं तर सगळे चाळीस टक्क्यांवर, आणि आपण म्हणतो बॅटऱ्या खराब निघाल्या. दोन अँपिअरचे चार्जर आणि जाड वायरी घ्या, जमलं तर त्याच कंपनीच्या. टॅबांवर पांढऱ्या रंगाने नंबर टाका. एक ते पाच आज, सहा ते दहा उद्या. लोखंडी कपाट बंद करून आत चार्जिंग करू नका, उष्णता कोंडते आणि लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही मारत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत टॅब पूर्ण रिकामे किंवा पूर्ण भरलेले ठेवू नका. साधारण निम्मे चार्ज करून, पॉवर बंद करून, सावलीच्या खोलीत ठेवा. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत हात लावायची सोय नसते, म्हणून सुट्टीत टॅब माझ्या घरी पलंगाखाली असतात. जूनमध्ये एखादा टॅब चालूच होत नसेल तर लगेच मेला म्हणू नका. चार्जरला लावून तासभर विसरून जा. पूर्ण उतरलेली बॅटरी आधी थोडी सावरते आणि मगच पडद्यावर काही दिसतं.

मागचं झाकण फुगलेलं दिसलं किंवा काच एका कडेने वर उचलली गेली असेल, तर मात्र प्रयोग बंद. बॅटरी फुगली आहे. दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. वर्गातून बाहेर, पोरांपासून आणि कागदांपासून लांब ठेवा आणि दुरुस्तीवाल्याच्या हवाली करा. एक टॅब गेला तर गेला.

सुट्टीनंतर नेट असूनही काहीच उघडत नाही

हा किस्सा थोडक्यात. बॅटरी पूर्ण उतरली की काही टॅबांचं घड्याळ मागे जातं. जूनमध्ये चालू केला की तारीख कुठल्या तरी जुन्या सालातली. तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळांची ओळख पटत नाही, लॉगिन होत नाही, ॲप ‘नेटवर्क एरर’ म्हणत राहतं, आणि आपण नेटवाल्याला फोन करत राहतो. तारीख-वेळ दुरुस्त करा, आधी तीच बघा. मी यावर एक अख्खा शनिवार घालवला आहे.

ॲपमधून बाहेर पडलेलं पोर

काही वेळा ‘चालंना’ म्हणजे धडा गायब झालाय. पोराने खालून बोट वर सरकवलं, ॲप मिटलं, आता कॅमेरा उघडलाय आणि तीन डोकी त्यात तोंडं वेंगाडून बघतायत. (सोळा जीबीच्या टॅबची जागा कशी भरते हे विचारू नका. आमच्या एका टॅबवर छताच्या पंख्याचे सलग दोनशे फोटो होते.)

याला ‘स्क्रीन पिनिंग’ म्हणतात तो उपाय आहे, म्हणजे एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवायचं. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून तो फुकट मिळतोय. सेटिंग्जमधल्या ‘सिक्युरिटी’त ‘ॲप पिनिंग’ चालू करा आणि ‘अनपिन करण्याआधी पिन विचारा’ (हा पिन म्हणजे टॅबच्या कुलपाचा गुप्त आकडा) हेही चालू करा, नाहीतर उपयोग नाही. मग ॲप उघडून, अलीकडच्या ॲपांच्या यादीत जाऊन, त्याच्या चिन्हावर टिचकी मारून ‘पिन’ निवडायचं. आता बाहेर पडायला खालून वर सरकवून धरावं लागतं, जुन्या तीन बटणांच्या टॅबवर ‘बॅक’ आणि ‘ओव्हरव्ह्यू’ एकदम दाबून धरावं लागतं, आणि त्यानंतर पिन. पोरं दोन दिवसांत हात दाबून धरायची युक्ती शोधतात, पिन शोधायला जरा जास्त दिवस लागतात. १२३४ ठेवू नका. शाळेचा यू-डायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी क्रमांकही नको, तो भिंतीवर रंगवलेला असतो.

टॅब वाटण्याआधी एअरप्लेन मोड चालू. त्याने नोटिफिकेशन थांबतात, बॅटरी वाचते आणि व्हिडिओच्या शोधात निघालेलं पोर दारातच अडतं.

नेटवर अवलंबून असलेला धडा

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले आणि २०१७ मध्ये सुरू झालेलं ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक ॲप आपल्या सगळ्यांच्या फोनात आलं. वस्तू चांगली आहे. पण वर्गात उभं राहून कोड स्कॅन करायचा आणि मग गोल गोल फिरणारं चाक बावीस जणांनी बघायचं, यापेक्षा फळ्यावर चित्र काढलेलं परवडतं. आठवड्याचं साहित्य मी शनिवारी घरी उतरवून घेते. उतरवलं म्हणजे झालं नाही, टॅब एअरप्लेन मोडवर टाकून प्रत्येक गोष्ट एकदा उघडून बघायची. यादीत नाव दिसतं पण आतला व्हिडिओ उतरलेलाच नसतो असं कैक वेळा होतं, आणि ते कळायची योग्य वेळ शनिवार आहे, सोमवार नाही.

जागा कमी पडली की कुणीतरी सल्ला देतं, ‘ॲपचा डेटा क्लिअर करा.’ थांबा. ‘क्लिअर कॅश’ म्हणजे केर काढणं. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणजे घर रिकामं करणं. लॉगिनही जातं आणि उतरवलेला सगळा धडाही जातो. आमच्या केंद्रातल्या एका शाळेत तपासणीच्या आदल्या संध्याकाळी हे झालं होतं. आधी पंख्याचे फोटो पुसा.

वाचनासाठी मी सगळ्यात जास्त वापरते ते प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’. २०१५ पासून चालू आहे, मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि परवाना खुला असल्यामुळे पीडीएफ उतरवून दहाही टॅबांवर टाकता येते, छापून भिंतीवर लावता येते. पीडीएफला नेट लागत नाही, लॉगिन लागत नाही, आवाज नाही, टाळ्या नाहीत, चांदण्या नाहीत. पोरं पान उलटतात आणि वाचतात. चकचकीत ॲपच्या मानाने हे दरिद्री वाटतं खरं, पण ‘बाई, चालंना’ अशी एकही हाक न येता गेलेला तास आहे तो.

पोराचं बरोबर आणि टॅबचं चूक

या कारणापर्यंत पोचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि मन खाणारंही हेच आहे.

दुसरीतला एक पोरगा, हस्ताक्षर देखणं. गिरवायच्या ॲपवर ‘ल’ काढायचा. टॅब म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा काढायचा. पुन्हा तेच. “बाई, ह्यो चालंना.” मी अंगठा बघितला, तळवा बघितला, चार्जर बघितला, सगळं ठीक. मग ॲपमधला ‘ल’ नीट बघितला. तो हिंदी वळणाचा होता, उजवीकडे उभा दंड असलेला. पोरगा काढत होता आपला पाकळ्यांचा ‘ल’, बालभारतीत आहे तसा. ‘श’चंही तेच. आपला देठाचा, ॲपमधला गाठीचा. आपल्या ‘ल’ आणि ‘श’चं रूप ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ठरवून दिलेलं आहे, पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. पण ॲप करणाऱ्याने देवनागरी म्हणजे हिंदी असं धरलं की आपल्या पोराला तो शासन निर्णय काय कामाचा? पंधरा दिवस तो पोरगा बरोबर लिहून चूक ठरत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून टॅब रिस्टार्ट करत होते.

तेव्हापासून नवं ॲप घेताना मी पाच मिनिटांची परीक्षा घेते. आधी ‘ल’ आणि ‘श’ बघते. मग अंकांत ५, ८, ९ कुठल्या वळणाचे आहेत ते. मग ‘ळ’ शोधते. बाळ, फळ, कमळ, शाळा, ही पहिलीची रोजची भाकरी आहे. ज्या ॲपच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही ते हिंदीवरून नाव बदलून आणलेलं आहे, त्याला आमच्या वर्गात जागा नाही. त्यानंतर आवाज ऐकते. ‘चमचा’मधला च आणि ‘चार’मधला च आपल्या जिभेवर वेगळे आहेत. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे पाण्याचा जग, यांतला ज वेगळा. ॲपमधल्या बाई सगळे एकाच सुरात उच्चारतात आणि पोरं माझ्याकडे बघून हसतात. हसतात तोवर ठीक आहे. घरात वेगळी बोली असलेली आणि आधीच बोलायला बुजणारी पोरं हसत नाहीत, ती गप्प होतात.

टॅबची भाषा सेटिंग्जमधून मराठी केली, तर काही ॲपांतली अक्षरं आपोआप आपल्या वळणाची होतात, कारण फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात. जिथे अक्षर हे चित्र म्हणून घातलेलं आहे तिथे काही होत नाही.

क्रमाचाही घोळ आहे. आपण अक्षरगटाने शिकवतो, म्हणजे चार-पाच अक्षरं आणि एखादी काना-मात्रा झाली की लगेच त्यांचे शब्द. ॲप क-ख-ग-घ अशी रांगेत पळवतं. ‘ङ’पाशी पोरं अडखळतात आणि अडखळली की ‘चालंना’. ज्या ॲपमध्ये अक्षर निवडता येतं तेच ठेवा, आणि त्या आठवड्याच्या गटाबाहेरच्या अक्षरांना हात लावू नका.

आकड्यांत आणखी एक खोच. एकवीस म्हणताना तोंडात आधी एक येतो, लिहिताना आधी दोन. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ हा पर्याय दिला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. बाजू कुठलीही घ्या, अडचण मात्र खरी आहे आणि टॅबवर ती लख्ख दिसते. आवाज येतो ‘एकवीस’, पोर टिचकी मारतं १२ वर. हा टॅबचा बिघाड नाही आणि पोराचा आळसही नाही. अशा वेळी टॅब बाजूला ठेवून दशकाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या काढायच्या. दोन गठ्ठे, एक काडी. मग पुन्हा टॅब.

दोघांत एक टॅब

दहा टॅब आणि बावीस पोरं म्हणजे बहुतेक जोड्या आणि दोन तिकड्या. सुरुवातीला धिटुकलं पोर टॅब बळकवायचं आणि शेजारचं नुसतं बघायचं. बघून कंटाळलं की त्याला तक्रार सुचायची. मी आले की टॅब सुटतो हे त्याला कळलेलं. म्हणजे काही हाका या चक्क अर्ज होते.

आता नियम आहे : बोट एकाचं, तोंड दुसऱ्याचं. ज्याच्याकडे टॅब आहे त्याने बोलायचं नाही, दुसरा सांगेल तेवढंच करायचं. “वरचा आंबा धर. त्यो न्हाय, त्याच्या अलीकडचा. आता टोपलीत टाक.” डफली वाजली की बदल. यातून एक अनपेक्षित फायदा झाला. वर, खाली, अलीकडचा, मधला, सगळ्यात बारका, असे शब्द तक्त्यावरून पाठ करून जे तोंडात बसत नव्हते ते बसले. टॅबमुळे माझ्या वर्गात सगळ्यात जास्त काय वाढलं असेल तर बोलणं. ते टॅबच्या आत नव्हतं, दोन पोरांच्या मध्ये होतं.

वेळेचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणासाठीच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीला ऑनलाइन वर्गाची तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं सांगितली होती. पहिलीला माझ्या अनुभवाने तीसही लांब आहेत. पंधरा-अठरा मिनिटांनंतर येणाऱ्या ‘चालंना’चं कारण शोधू नका, टॅब गोळा करा.

काचेचा मेलेला पट्टा

हे सगळं करूनही सात नंबरचा टॅब दाद देत नव्हता. वरच्या कोपऱ्यातली चित्रं कुणाच्याच बोटाला ऐकत नव्हती, माझ्याही नाही. ‘शो टॅप्स’च्याच खाली ‘पॉइंटर लोकेशन’ आहे, ते चालू केलं की बोट फिरवाल तशी काचेवर रेघ उमटते. सगळ्या काचेवर एकमेकींना लागून आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, नांगरटीसारख्या. वरून दोन बोटं जागेत प्रत्येक रेघ तुटत होती. तेवढा पट्टा मेलेला आहे. काच बदलायचा खर्च टॅबच्या निम्म्या किमतीला जातो म्हणून आम्ही तो उलटा धरतो. ऑटो-रोटेट चालू असलं की चित्र फिरतं आणि मेलेला पट्टा खाली येतो, जिथे स्टोरीवीव्हरच्या गोष्टींच्या पीडीएफमध्ये फक्त पानाचा नंबर असतो. चार्जिंगचं भोक आता वरच्या बाजूला येतं. पोरं त्याला ‘शेंडीवाला टॅब’ म्हणतात आणि त्याच्यासाठी भांडतात.